यरीहोचा अहवाल

एकतीस वर्षं रेल्वेत होतो, पण मी ना कधी इंजिन चालवलं, ना सिग्नल पाडला, ना कुणाचं तिकीट तपासलं. मी खड्डे खणले. लग्न जुळवताना आमच्या मामांनी मुलीकडच्यांना 'मुलगा रेल्वेत इंजिनिअरिंग खात्यात आहे' एवढंच सांगितलं होतं. खरा प्रकार कळल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे तुम्ही आपले आधीच खड्ड्यात. मला वेगळं काही म्हणायला नको."

काम थोडक्यात असं. कुठे पूल, केबिन, पाण्याची टाकी बांधायची ठरली, की आधी आमची टोळी जायची. ठरलेल्या जागी चार-पाच चौकोनी खड्डे घ्यायचे, पुरुषभर किंवा त्याहून खोल. मग मी शिडीनं आत उतरायचो आणि खड्ड्याची भिंत वाचायचो. वरची काळी मार माती, खाली तांबडी राकड, मग मुरूम, मग आमच्या झाशीचा तो हट्टी खडक. कधी मध्येच राखेचा पट्टा, विटांचे तुकडे, खापरं. याचा अर्थ इथे पूर्वी कुणी राहत होतं किंवा कुणी खड्डा बुजवला होता. बुजवलेल्या मातीवर पाया घालायचा नाही, हा आमचा पहिला धडा. सगळं मापून, चित्र काढून, छापील फॉर्मवर अहवाल लिहायचा आणि सही करायची. इंजिनिअर साहेब वर उभे राहून विचारायचे, "काय म्हणते जमीन?" आणि मी खालून उत्तर द्यायचो. त्या पाच मिनिटांपुरता मी साहेबांचाही साहेब असायचो.

आमच्या टोळीचा म्होरक्या गेंदालाल नावाचा बुंदेली गृहस्थ होता. तो म्हणायचा, "जा माटी झूठ नईं बोलत, बाबूजी. आदमी बोलत." माती खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. हे वाक्य मी इतकं डोक्यात घेतलं, की पुढे तेच मला नडलं.

लोकांना जमिनीकडून नेहमी काहीतरी ऐकायचं असतं. एका गावाजवळ रुळांखालच्या मोरीसाठी खणताना हातभर जाड राख लागली. दुसऱ्या दिवशी सरपंच दहा माणसं घेऊन हजर. त्यांच्या गावात फार पूर्वी एका ऋषींनी यज्ञ केला होता म्हणे. "बस इतना लिख दो बाबूजी, के राख निकली." मी म्हटलं, राख निघाली आहे, पण तिच्यात चुनखडीचे अर्धे भाजलेले खडे आहेत. ही चुन्याची भट्टी आहे. सरपंचांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच यज्ञात पाणी ओतलं. त्या गावात आठ दिवस काम चाललं, पण कुणी चहाला विचारलं नाही. मला मात्र त्याचा अभिमान वाटायचा. बड्या बाजारातल्या आमच्या मराठी मंडळींत मी ती गोष्ट रंगवून सांगायचो.

ही विद्या मला शिकवली साळवे साहेबांनी. शमुवेल साळवे, नगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती, रेल्वेतून बदली होत होत झाशीला येऊन स्थिरावलेले. आमचं घराणं मराठी सुभेदारांच्या काळापासूनचं झाशीकर. आमची मराठी जुनी, त्यात निम्मी हिंदी मिसळलेली. त्यांची मराठी ताजी, खणखणीत. ते मला 'पंत' म्हणायचे. कामावर ते साहेब आणि मी हाताखालचा, पण दुपारचा डबा उघडला की दोन मराठी माणसं. त्यांची पत्नी लवकर गेली. मागे एकुलता एक मुलगा, दानीएल, आमचा दानी. आई होती तोवर तिनं त्याला मराठीत प्रार्थना शिकवली होती. बाकी पोरगा झाशीच्या इतर पोरांसारखाच, मराठी समजायची, बोलायला गेला की तीन शब्दांनंतर हिंदीत घसरायचा. रोज संध्याकाळी बापलेक क्वार्टरच्या मागच्या खोलीत गुडघे टेकायचे. माझं काही काम असलं तर मी तोवर बाहेर ओट्यावर बसायचो. ऐकून ऐकून मलाही ती प्रार्थना निम्मीशिम्मी पाठ झाली होती.

साळवे साहेबांचे माझ्यावर मोठे उपकार आहेत, ते आधी सांगतो. माणिकपूर लाइनवरच्या एका लहान स्टेशनात नवी केबिन व्हायची होती. मी पाच खड्डे घेतले. पाचही स्वच्छ. अहवालात लिहिलं, 'या जागी जुने बांधकाम नाही.' केबिन उभी राहिली, आणि दुसऱ्या पावसाळ्यात तिचा एक कोपरा खचला. खाली जुनी, बुजवलेली विहीर होती, माझ्या दोन खड्ड्यांच्या बरोबर मधोमध. आत काम करणाऱ्या माणसाचा पाय मोडला, आणि तो पुढे कायम लंगडत चालला. चौकशी झाली. साळवे साहेबांनी अर्धा दोष स्वतःवर घेतला म्हणून माझी नोकरी टिकली. एका शब्दानं ते मला रागावले नाहीत. फक्त अहवालाची प्रत माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "पंत, तुम्हाला विहीर दिसली नाही, ही चूक नव्हे. पाच खड्ड्यांत कुणालाही दिसली नसती. पण तुम्ही 'नाही' लिहिलंत. 'या पाच खड्ड्यांत आढळले नाही' असं लिहायला हवं होतं. आढळलं नाही आणि नव्हतं, यांत एका माणसाचा पाय आहे." त्या दिवसापासून मी प्रत्येक अहवालात तसंच लिहीत आलो. एक अहवाल सोडून.

दानी इंजिनिअरिंग शिकायला बाहेरगावी गेला आणि दुसऱ्या वर्षी नाताळच्या सुट्टीत परतला तो डोक्यात वेगळं वारं घेऊन. चर्चला जायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत. बापानं कारण विचारलं. दानीनं कॉलेजच्या लायब्ररीतून आणलेलं एक जाडजूड पुस्तक टेबलावर आपटलं. त्यात यरीहोच्या उत्खननाची माहिती होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बायबलात अशी कथा आहे, की इस्राएल लोकांनी आपला पुढारी यहोशवा याच्या मागून यरीहो नगराला वेढा घातला. सात दिवस नगराभोवती फेऱ्या मारल्या, सातव्या दिवशी रणशिंगं फुंकून जयघोष केला, आणि नगराचा कोट आपोआप कोसळला. साळवे साहेबांच्या ट्रंकेत मिशनची एक जुनी पुस्तिका होती. तिच्यात लिहिलं होतं, की एका विलायती साहेबानं तिथे खणलं, पडलेला कोट आणि जळालेलं नगर सापडलं, शास्त्र खरं ठरलं. दानीच्या पुस्तकात त्याच्या पुढची हकीकत होती. वीसेक वर्षांनी एका विदुषी बाईंनी तीच टेकडी पुन्हा, थर सांभाळून खणली. त्यांच्या मते तो कोट यहोशवाच्या हजारभर वर्षं आधीचा होता, जळालेलं नगरही यहोशवाच्या आधीचंच होतं, आणि यहोशवाचा म्हणतात त्या काळातलं तिथे जवळजवळ काहीच नव्हतं.

"जब दीवार ही नहीं थी पापा, तो गिरी क्या?" दानी म्हणाला.

तीन रविवार दुपारी ओट्यावर हा वाद चालला. मी श्रोता होतो. साळवे साहेब मराठीत बोलायचे, दानी हिंदीत. बाप म्हणायचा, "अरे, पडक्या भिंतीचे दगड लोक जागेवर ठेवतात होय? आपल्या झाशीचा कोट बघ. निम्म्या शहराच्या न्हाणीघरात लागलाय." मुलगा म्हणायचा, मग सगळंच न दिसणारं खरं मानायचं का? एकदा साळवे साहेब माझ्याकडे वळले. "पंत, तुमचे पणजोबा सत्तावनच्या गदरात झाशीच्या ओरछा दरवाज्यातून देव धान्याच्या पोत्यात घालून बाहेर पडले म्हणता. कधी खणून पाहिलंत?" मी हसलो. आमच्या घरची गोष्ट ती, तिला कसला पुरावा? हसलो खरा, पण त्यातून काही शिकलो नाही.

तिसऱ्या रविवारी दानीच म्हणाला, "काकांना विचारू या. ते तर रोज हेच काम करतात. ना ख्रिस्ती, ना कॉलेजवाले. जो काका लिखेंगे, सो मंजूर."

अटी ठरल्या. माझा निर्णय बापाच्या बाजूनं पडला तर दानीनं ईस्टरला दृढीकरण घ्यायचं, म्हणजे चर्चमध्ये रीतसर सभासद व्हायचं. मुलाच्या बाजूनं पडला तर वडिलांनी त्याला चर्चला चल किंवा प्रार्थना कर असं पुन्हा कधी म्हणायचं नाही. दानी हे निम्मं थट्टेत बोलला होता. साळवे साहेबांनी मात्र उठून त्याच्याशी हात मिळवला.

मी ते पुस्तक आठ दिवसांसाठी घरी नेलं. इंग्रजी मजकूर धडपडत वाचला, पण थरांची चित्रं माझ्या रोजच्या भाषेतली होती. काय सुरेख खोदकाम होतं ते! मातीचा एकेक पदर वेगळा दाखवलेला. काळ कशावरून ठरवला, तर खापरांवरून. ते मला लगेच पटलं. आपल्याकडे अडगळीची खोली उपसली तर तळाशी तांब्याचे हंडे निघतात, त्यावर पितळ्या, वर कल्हईची भांडी आणि सगळ्यांत वर स्टील. भांड्यांवरून पिढी सांगता येते. मी त्या बाईंच्या प्रेमातच पडलो म्हणा ना. बायको म्हणाली, "परमुलखातल्या खड्ड्यातही पडलात का?"

आणि मग मी जो आगाऊपणा केला, तो आमच्या धंद्यातला माणूसच करू जाणे. निर्णय तोंडी सांगायचा सोडून मी तो आमच्या ऑफिसच्या छापील फॉर्मवर लिहिला. स्थळ: यरीहो. खड्ड्यांची संख्या, थरांचं वर्णन, आकृती, सगळं रकान्यांत भरलं. कोट जुना, हे लिहिलं. ते पुराव्याला धरून होतं, आजही मी तेच लिहीन. पण शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'यहोशवाच्या काळी या जागी नगर वा कोट नव्हता.' खाली झोकात सही.

त्याच पुस्तकात बाईंनी लिहिलं होतं, की टेकडीचा माथा शेकडो वर्षं वारापावसानं झिजून गेला आहे, वरचे थर वाहून गेले आहेत, आणि टेकडीचा बराच भाग खणायचा राहिला आहे. मी ते वाचलं होतं. माझ्या वहीत टिपूनही ठेवलं होतं. पण निकाल कसा एक घाव दोन तुकडे असावा, ही हौस मला नडली. आढळलं नाही, एवढंच लिहायला हवं होतं.

साळवे साहेबांनी चष्मा लावून अहवाल वाचला. शेवटच्या ओळीवर ते बराच वेळ थांबले. मग कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "मान्य."

दानी गडबडला. "पापा, मैं तो ऐसे ही कह रहा था..."

"शब्द तो शब्द. तुला आता कधी म्हणणार नाही," ते म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

शब्द त्यांनी फार वाईट पाळला, म्हणजे तंतोतंत पाळला. दानी घरी असला की संध्याकाळी तो फिरायला बाहेर पडेपर्यंत ते थांबायचे आणि मग एकटे मागच्या खोलीत जायचे. पुढे दानीला भिलाईकडे नोकरी लागली, लग्न झालं. दर नाताळात तो यायचा, वडिलांसाठी स्वेटर आणायचा, त्यांचे पाय चेपायचा. मुलगा वाईट नव्हता हो. पण नाताळच्या सकाळी बाप एकटा अंगात कोट चढवून चर्चला निघायचा आणि मुलगा दारात उभा राहून पाहायचा. 'चल' म्हणण्याची सोय एकाला नव्हती आणि 'येऊ का' म्हणण्याची हिंमत दुसऱ्याला नव्हती. एकदा मीच त्यांच्याबरोबर चर्चच्या फाटकापर्यंत गेलो. वाटेत ते म्हणाले, "पंत, इथे सगळं हिंदीत नाहीतर इंग्रजीत. देवाला सगळं कळतं, माझ्याच मनाला काही भिडत नाही."

मला माझी चूक कळायला नऊ वर्षं लागली. साळवे साहेब तोवर निवृत्त होऊन झाशीतल्याच नगरा मोहल्ल्यात, आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहायला आले होते. एका सकाळी नव्या मुलाचा अहवाल माझ्यापुढे आला. शेवटी लिहिलं होतं, 'जुने बांधकाम नाही.' मी सवयीनं ते खोडून 'या चार खड्ड्यांत आढळले नाही' असं लिहिलं, आणि पेन तसंच हातात राहिलं.  संध्याकाळी थेट त्यांच्या घरी गेलो आणि उभ्या उभ्या सांगितलं.

ते म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत? मला शिकवलंत तुम्हीच!"

"पंच मीच मान्य केला होता, पंत. हरल्यावर पंचाच्या चुका काढायच्या?" मग म्हणाले, "आणि खरं सांगू? जिंकलो असतो तर पोरगं ईस्टरला माझ्या शेजारी उभं राहिलं असतं ते एका भिंतीसाठी. त्यात माझं काय होतं?"

मी म्हटलं, दानीला पत्र लिहितो. त्यांनी चक्क हात जोडले. "नको. त्याला वाटेल, बापानं म्हातारपणी पंच फिरवला. यायचं तर तो आपणहून येईल." मी पत्र लिहिलं नाही. खरं तर मला ते सोयीचंच होतं. आपली चूक कागदावर कबूल करायला कुणाला आवडतं?

त्यानंतर चार वर्षांनी त्यांचं दुखणं वाढलं आणि त्यांना रेल्वेच्या दवाखान्यात ठेवलं. दानीला तार केली. तो यायच्या आदल्या दिवशी मी उशाशी बसलो होतो. पाद्री येऊन, हिंदीत प्रार्थना करून गेले होते. साळवे साहेब म्हणाले, "भला माणूस आहे. पण पंत, शेवटी आपल्या भाषेत कुणी म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. दानीच्या आईची ती प्रार्थना. इथे आता ती दानीशिवाय कुणाला पुरी येत नाही."

"मी सांगतो त्याला."

"नाही. शब्द दिलाय." आवाज खोल गेला होता, पण साहेबी होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दानी आला. वडिलांचा हात हातात घेऊन बसला. साळवे साहेब त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते, ओठ हलत होते, पण मागत काही नव्हते. मला ते बघवेना. मी मनाशी ठरवलं: प्रार्थनेचं सांगायला मला बंदी आहे, पण माझा अहवाल दुरुस्त करायला कोण अडवणार? अहवाल फिरला, की अट फिरली. अट फिरली, की शब्द सुटला. किती शहाणा होतो मी!

दानीला व्हरांड्यात बोलावलं. म्हटलं, तुला एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. आणि मी सुरुवात केली ती केबिनीपासून. औषधाच्या चिठ्ठीच्या मागे पाच खड्डे काढले, मध्ये विहीर काढली. मग यरीहोची टेकडी, वरचे थर वाहून जाणं, माझा शेवटचा रकाना, आढळणं आणि असणं. जन्मभर लोकांना जमीन समजावून दिलेला माणूस मी. कुठलीही पायरी सोडली नाही. दानी अदबीनं मान हलवत होता आणि मधून मधून दाराकडे पाहत होता. अर्धा तास तरी गेला असेल.

"म्हणजे तो निकाल चुकीचा होता," मी म्हटलं. "तुझे वडील हरले नव्हते."

त्याच वेळी सिस्टर दारात आली. तिनं काही सांगायच्या आतच आम्हाला कळलं.

दानी आत जाऊन वडिलांच्या छातीवर डोकं ठेवून रडला. मी भिंतीला टेकून उभा होतो, ती चिठ्ठी हातातच होती. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "काका, आज ये सब क्यों बता रहे थे? आत्ता, यावेळी?"

मग मी सांगितलं. काल ते काय म्हणाले, ते शब्दाला कसे अडले होते, मी काय योजलं होतं, सगळं.

 तो मराठी-हिंदीत अडखळत म्हणाला, "त्यांना फक्त ऐकायची होती? बस, इतना? काका, ती तर मला अजून येते. भिंत पडली, नाही पडली, उस से इस का क्या? मला नुसतं म्हणायचं होतंत ना... 'जा, म्हण' एवढंच."

मी ती चिठ्ठी घडी करून खिशात टाकली. 

तो वडिलांच्या पलंगाशी गुडघे टेकून बसला. त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि आईनं शिकवली होती तशी, मराठीत, ती प्रार्थना त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. कुठे अडला नाही, हिंदीत घसरला नाही. ऐकायला मी एकटा होतो.